‘मान्य आहे’ दाबलं म्हणून हक्क संपत नाही

प्रश्न : गरोदरपणाची नोंद ठेवणाऱ्या एका अ‍ॅपमध्ये मी तारखा आणि सोनोग्राफीचे रिपोर्ट भरत होते. पाचव्या महिन्यात गर्भपात झाला. अ‍ॅप काढून टाकलं, तरी डायपरच्या जाहिराती आणि नाळेतलं रक्त साठवणाऱ्यांचे फोन थांबत नाहीत. कंपनी म्हणते, ‘तुम्ही संमती दिली होती.’ काय करू?

उत्तर : ताई, जे झालं ते सोसणंच कठीण. त्यात असे फोन येत राहावेत, हा तुमच्यावर सरळ अन्याय आहे.

अ‍ॅप काढलं तरी खातं आणि माहिती कंपनीकडे राहते. शिवाय अशा कितीतरी अ‍ॅपमध्ये फेसबुक, गूगल यांचा कोड बसवलेला असतो. तुम्ही भरलेलं त्यांच्यापर्यंत पोचू शकतं. ‘फ्लो’ या पाळीची नोंद ठेवणाऱ्या अ‍ॅपच्या प्रकरणात ऑगस्ट 2025 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या ज्यूरीने फेसबुकची मालक कंपनी मेटा हिला अशीच माहिती संमतीशिवाय टिपल्याबद्दल दोषी धरलं.

आपल्याकडे माहिती तंत्रज्ञान कायद्याखालच्या 2011 च्या नियमांनुसार वैद्यकीय नोंदी ‘संवेदनशील’ माहितीत येतात. त्या तिसऱ्याला देण्याआधी तुमची परवानगी लागते. करारात तशी अट असेल तर कंपनी तिच्यावर बोट ठेवेल, म्हणून अटींची प्रत आधी उतरवून घ्या. पण दिलेली संमती लेखी मागे घेता येते. कंपनीच्या वेबसाइटवर तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव असतं, त्यांना आजच ईमेल करा : ‘माझी संमती मागे घेत आहे, माझी माहिती पुसा, ती कोणाकोणाला दिली ते कळवा.’ महिन्याभरात निवारण करणं त्यांच्यावर बंधनकारक आहे.

उत्तर आलं नाही, तर माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 43-अ खाली भरपाई मागा. पाच कोटींपर्यंतचे दावे राज्याच्या माहिती तंत्रज्ञान सचिवांपुढे चालतात. माहिती जपण्यात कंपनीने हलगर्जी केली आणि त्यातून तुमचं नुकसान किंवा दुसऱ्या कोणाचा गैरमार्गाने फायदा झाला, हे दाखवावं लागेल. फोन करणाऱ्याला ‘नंबर कुठून मिळाला?’ असं विचारा आणि कॉल रेकॉर्ड करा. स्क्रीनशॉट पुसू नका. अशा डिजिटल पुराव्यासोबत भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63 चं, म्हणजे तो कोणत्या उपकरणातून कसा घेतला हे सांगणारं, प्रमाणपत्र लागतं.

उशीर मात्र करू नका. सध्याच्या अधिसूचनेप्रमाणे मे 2027 मध्ये 2023 चा नवा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा पूर्ण लागू होतो आणि 43-अ रद्द होतं. नव्या कायद्यात दंड 250 कोटींपर्यंत आहे, पण तो सरकारी तिजोरीत जातो. जिची माहिती गेली तिला एक रुपयाही नाही, हे मला अजिबात पटत नाही. तुमचा अर्ज त्याआधी दाखल व्हायला हवा.