दर उतरला, बाटली कोणती उघडावी?

प्रश्न : मध्यवर्ती बँकेने व्याजदर कमी केल्याची बातमी वाचून आम्ही घरी आनंदाने वाइनची बाटली उघडली. त्याला दोन महिने झाले, तरी गृहकर्जाच्या हप्त्यात दमडीचाही फरक पडलेला नाही. बँकेने आम्हाला फसवले, असे समजावे का?

उत्तर : एवढ्यात तसे समजू नये. आपल्या कर्जाचा दर स्थिर आहे की चल, हे आपण पत्रात लिहिलेले नाही आणि घोडे नेमके तिथेच अडले आहे. दर स्थिर असेल, तर ती मुदत संपेपर्यंत अशा बातम्यांचा आपल्या हप्त्याशी काहीही संबंध नसतो. दर चल असेल, तर तो दोन भागांचा बनलेला असतो : एक संदर्भ दर, जो बाजाराबरोबर किंवा मध्यवर्ती बँकेच्या धोरणाबरोबर हलतो आणि दुसरा त्यावर बँकेने लावलेला अधिभार, जो करारात ठरलेला असतो. संदर्भ दर आज उतरला, तरी आपल्या कर्जाला तो करारातल्या फेरआकारणीच्या तारखेलाच लागू होतो. ही तारीख कुठे तीन महिन्यांनी येते, कुठे सहा महिन्यांनी, तर कुठे वर्षाने. तेव्हा कपाटातला करार काढून हे कलम आधी वाचावे. ते वाचताना अधिभाराचा आकडाही पाहावा, कारण नव्या ग्राहकाला कमी अधिभाराने कर्ज देणारी बँक जुन्या ग्राहकाचा अधिभार आपणहून कमी करेलच असे नाही. तक्रार करायचीच असेल, तर ती या फरकाबद्दल आणि लेखी करावी.

मध्यवर्ती बँकेच्या धोरणाचा दर आणि दीर्घ मुदतीच्या गृहकर्जाचा स्थिर दर हातात हात घालून चालतात, हाही एक गोड गैरसमज आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने, म्हणजे फेडरल रिझर्व्हने, एकदम अर्ध्या टक्क्याची कपात केली, आणि पुढच्या दोन महिन्यांत तिथल्या ३० वर्षांच्या गृहकर्जाचा सरासरी दर उतरण्याऐवजी अर्ध्या टक्क्याहून अधिक चढला. हा दर दीर्घ मुदतीच्या सरकारी रोख्यांच्या परताव्याकडे पाहून ठरतो आणि रोख्यांचा बाजार आजच्या कपातीपेक्षा पुढच्या काही वर्षांतल्या महागाईचा अंदाज अधिक मनावर घेतो. आपली बाटली मात्र वाया गेली असे मी म्हणणार नाही.

प्रश्न : आमचा चल दर ९ टक्क्यांवरून साडेआठवर आला. बँक विचारते की हप्ता कमी करू की मुदत? यजमानांना हप्ता कमी झालेला हवा आहे, माझे मन मुदतीकडे झुकते आहे.

उत्तर : आकडे आपल्या बाजूने आहेत. समजा, ५० लाखांचे कर्ज २० वर्षांसाठी आहे. ९ टक्के दराने त्याचा मासिक हप्ता ४४,९८६ येतो. पहिल्या महिन्याच्या त्या हप्त्यातले ३७,५०० निव्वळ व्याजापोटी जातात आणि मुद्दलातून फक्त ७,४८६ वजा होतात. यामुळेच दहा वर्षे एकही हप्ता न चुकवता भरल्यावर, म्हणजे निम्मी मुदत सरल्यावर, ज्याला कर्ज निम्मे फिटले असे वाटते, त्याच्या नावावर अजून साडेपस्तीस लाख शिल्लक असतात.

आता हा दर अगदी आरंभीच साडेआठ झाला आणि पुढे तसाच राहिला असे धरू. हप्ता कमी करून घेतला, तर तो ४३,३९१ होतो, महिन्याला सुमारे १,६०० हातात राहतात आणि २० वर्षांत व्याजाचे ३.८३ लाख वाचतात. जुनाच हप्ता भरत राहिले, तर कर्ज सुमारे २० महिने आधी फिटते आणि व्याजाचे सव्वानऊ लाखांहून अधिक वाचतात. दर एकच आणि कपातही एकच. पण वरचे १,६०० दर महिन्याला थेट मुद्दलावर पडतात, आणि मुद्दल एकदा घटले की त्यावरचे पुढचे सगळे व्याजही घटते. आपले कर्ज जितके जुने असेल, तितका हा फरक लहान होत जाईल, तरी त्याची दिशा तीच राहील. अर्थात, घरात एकच मिळकत असेल किंवा आजारपण चालू असेल, तर यजमानांचे म्हणणेही खोडून काढण्यासारखे नाही, कारण हाताशी असलेली रक्कम आज लागते आणि वाचलेले व्याज वीस वर्षांनी दिसते.

याच गणिताची दुसरी बाजूही पाहून ठेवावी. दर वाढला आणि बँकेने हप्ता न वाढवता मुदत वाढवली, तर कर्जदाराला काही महिने काही कळतच नाही. वरच्या उदाहरणात सुरुवातीलाच दर १०.८ टक्क्यांवर गेला, तर एका महिन्याचे व्याजच ४५,००० होते, म्हणजे ४४,९८६ च्या हप्त्याहून अधिक, आणि मग नियमित हप्ता भरूनही मुद्दल दर महिन्याला वाढतच जाते. म्हणून दर वाढल्यावर बँकेकडून शिल्लक मुदतीचे नवे विवरण मागून घ्यावे.

प्रश्न : दर आणखी उतरेपर्यंत स्थिर दराचे कर्ज घेण्याचे थांबावे का?

उत्तर : याचे भाकीत मी करत नाही. अमेरिकेतल्या त्याच ३० वर्षांच्या गृहकर्जाचा सरासरी दर ऑक्टोबर १९८१ मध्ये १८.६३ टक्के होता, जानेवारी २०२१ मध्ये २.६५ वर उतरला आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये पुन्हा ७.७९ वर चढला. आजच्या दराचा हप्ता झेपत असेल आणि घर मनाजोगते असेल, तर थांबू नये. झेपत नसेल, तर उद्याच्या दराच्या भरवशावर करार करू नये.

प्रश्न : माझ्या कर्जाचे १० लाख आणि चार वर्षे उरली आहेत. दुसरी बँक अर्धा टक्का कमी दराने ते आपल्याकडे वळवून घ्यायला तयार आहे. बदलावे का?

उत्तर : आपला आजचा दर ९ टक्के आहे असे धरू. त्या दराने हप्ता २४,८८५ आणि साडेआठ टक्के दराने २४,६४८ होतो. म्हणजे महिन्याला २३७ आणि चार वर्षांत मिळून जेमतेम ११,४०० वाचतील. प्रक्रिया शुल्क, मूल्यांकन, कायदेशीर तपासणी आणि जुन्या बँकेचा मुदतपूर्व परतफेडीचा दंड यांची बेरीज याच्या आसपास असेल, तर हा सगळा खटाटोप कागद हलवण्यापुरताच उरतो. यातले मूल्यांकन आणि कायदेशीर तपासणी यांसारखे खर्च कर्ज मोठे असो की लहान, फारसे बदलत नाहीत. म्हणून दर-बदलाचा लाभ मोठ्या शिलकीवर आणि लांब मुदतीवरच दिसतो.

प्रश्न : हप्ता भरल्यावर मौजेसाठी थोडेच उरते. त्यात दर महिन्याला सर्वांत स्वस्त वाइन घ्यावी, की दोन महिन्यांतून एकदा जरा बरी?

उत्तर : दोन महिन्यांतून एकदा, आणि याचे कारण वरच्या उत्तरासारखेच आहे. काच, बूच, लेबल, खोके आणि वाहतूक यांचा खर्च स्वस्त आणि महाग बाटलीला जवळजवळ सारखाच येतो, आणि अनेक देशांत करही किमतीवर नव्हे, तर मद्याच्या मापावर लावला जातो. त्यामुळे अगदी स्वस्त बाटलीत प्रत्यक्ष द्राक्षरसाच्या वाट्याला फार थोडे येते; त्याहून थोडी वरची किंमत दिली, की वाढलेल्या रकमेतला बराच भाग आतल्या वाइनवर खर्च झालेला असतो. फार वर गेले, की मात्र पुन्हा नावाचेच मोल द्यावे लागते.

तेव्हा गाजलेल्या नावाचा शेजार शोधावा. शॅम्पेनऐवजी स्पेनची कावा घ्यावी : बुडबुडे आणणारे दुसरे आंबवणे तिथेही बाटलीतच होते आणि यीस्टच्या गाळावर ती किमान नऊ महिने ठेवलेली असते. पेला कानाजवळ नेला, तर बुडबुड्यांची बारीक सरसर ऐकू येते. चव कोरडी, हिरव्या सफरचंदाच्या सालीसारखी. शुभ्र वाइनमध्ये फ्रान्सच्या ल्वार नदीच्या मुखाजवळची मस्कादे घ्यावी. लेबलवर ‘स्युर ली’ लिहिलेले असेल, तर ती गाळावर मुरलेली आहे असे समजावे. तांबड्या वाइनमध्ये चिलीची कार्मेनेर मला विशेष आवडते. हे मूळचे फ्रान्समधल्या बोर्दोचे द्राक्ष चिलीत कित्येक वर्षे मेर्लो ही दुसरीच द्राक्षजात समजून लावले जात होते आणि १९९४ मध्ये झां-मिशेल बुर्सिको या फ्रेंच द्राक्षतज्ज्ञाने त्याची खरी ओळख पटवली. तिच्यात भाजलेल्या सिमला मिरचीसारखा जो वास येतो, तो दोष नव्हे. तो त्या द्राक्षाचा स्वभाव आहे. फिरकीचे झाकण पाहून नाक मुरडू नये, कारण बूच बिघडून वाइनला येणारा ओलसर पुठ्ठ्याचा वास त्या झाकणामुळे टळतो.

प्रश्न : घरात पिणारी मी एकटीच. उघडलेली बाटली किती दिवस टिकते?

उत्तर : तांबडी असो वा शुभ्र, झाकण घट्ट लावून शीतकपाटात उभी ठेवली, तर तीन ते पाच दिवस, बुडबुड्यांची असेल, तर एक-दोन दिवसच, आणि तीही खास दाबाचे बूच लावले तर. बाटली उघडताच निम्मी वाइन एखाद्या स्वच्छ, लहान बाटलीत गळ्यापर्यंत भरून ठेवावी. आत हवाच उरली नाही, तर ती त्याहून दोन दिवस अधिक सहज टिकते. पिण्यापूर्वी अर्धा तास आधी तांबडी बाहेर काढून ठेवावी.