दिव्यांग खेळाडूंसाठी प्रोफेशनल खेळाचे नियम बदलावेत का?

माझं मत, हो, पण कुठला नियम हे बघून.

अमेरिकेतल्या केसी मार्टिनची केस बघा. गोल्फर, स्टॅनफर्डला टायगर वूड्ससोबत एकाच टीममध्ये खेळलेला. उजव्या पायात जन्मापासून रक्ताभिसरणाचा आजार, चालताना प्रचंड वेदना, आणि हाड मोडायची, पाय कापावा लागायची भीती कायम. त्याने एवढंच मागितलं की दोन शॉट्सच्या मधे मला गोल्फच्या छोट्या गाडीतून (कार्ट) जाऊ द्या. पीजीए टूर, म्हणजे अमेरिकेतल्या प्रोफेशनल गोल्फ स्पर्धा भरवणारी संस्था, म्हणाली नाही, चालणं हा खेळाचाच भाग आहे, थकवा सगळ्यांना सारखा यायला हवा.

मग प्रकरण थेट सुप्रीम कोर्टात गेलं आणि 2001 मध्ये 7 विरुद्ध 2 असा निकाल त्याच्या बाजूने लागला. कोर्टाचं म्हणणं, गोल्फ म्हणजे बॉल मारणं, चालणं नाही, आणि मार्टिन गाडी घेऊनही बाकीच्यांपेक्षा जास्तच थकतो, कारण गाडीपासून बॉलपर्यंत त्याला चालावं लागायचंच ना!

मला हीच कसोटी पटते. नियम काढला तर खेळ तोच राहतो का आणि त्या माणसाला जास्तीचा फायदा मिळतो का, एवढंच बघायचं, तेही प्रत्येकाचं वेगळं. क्रिकेटमध्ये बॅट्समनला कायमचा रनर द्या असं मी म्हणणार नाही, तिथे पळणं म्हणजेच रन.

पुढे 2021 मध्ये मार्टिनचा तो पाय खरंच कापावा लागला. आणि अशा माणसाला आयतं मिळतंय असं लोक म्हणायचे, याचा मला अजून राग येतो.