पैसे दिल्यावरही दुकानाच्या दारात बिल आणि पिशवी दाखवायला आपण बांधील आहोत का?

तुम्ही विचारलंय की सुपरमार्केटच्या काउंटरवर पैसे चुकते केल्यावरही दारातला गार्ड बिल मागतो, पिशवीत हात घालतो; याला नाही म्हणता येतं का, आणि म्हटलं तर काय होतं.

माझं उत्तर असं: बिल दाखवा. खरेदीची पिशवी उघडायची की नाही हे तुमच्या मर्जीवर आहे. स्वतःची पर्स, खिसे आणि अंग मात्र गार्डला तपासू देऊ नका. या तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत, आणि दारात बहुतेक भांडणं होतात ती या तिन्हींची सरमिसळ झाल्यामुळे.

आधी कायदा. काउंटरवर वस्तू स्कॅन झाली, तुम्ही पैसे दिले, बिल हातात आलं की तो माल तुमचा झाला. १९३० च्या माल विक्री कायद्याप्रमाणे मालकी तिथेच बदलते. म्हणजे गार्ड दारात जी पिशवी बघतो ती तुमची असते, आणि ती बघायला तुमची संमती लागते. ‘बाहेर पडताना बिल दाखवणे आवश्यक आहे’ अशी पाटी लावली म्हणून गार्डला कोणाला हाताने अडवायचा अधिकार मिळत नाही. पाटी न मानणाऱ्या गिऱ्हाइकाला दुकान फार तर पुढच्या वेळी आत येऊ नका असं सांगू शकतं.

खासगी माणूस दुसऱ्याला पकडू शकतो का? शकतो, पण मर्यादेत. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (अटक, झडती, तपास यांच्या पद्धतीचा कायदा) कलम ४० प्रमाणे, एखाद्याने आपल्या समोर दखलपात्र (ज्यात पोलिस वॉरंटशिवाय अटक करू शकतात) आणि अजामीनपात्र (ज्यात जामीन हक्काने मिळत नाही) गुन्हा केला तर कोणीही त्याला पकडू शकतं. मात्र विनाकारण वेळ न घालवता, जास्तीत जास्त सहा तासांत, त्याला पोलिसांच्या ताब्यात द्यावं लागतं. इथे ‘आपल्या समोर’ हे महत्त्वाचं. तुम्ही काही खिशात टाकताना कोणी पाहिलं असेल तर गोष्ट वेगळी. दारात उभ्या असलेल्या आणि तुम्हाला पहिल्यांदाच बघणाऱ्या गार्डकडे असा कोणताही आधार नसतो. बिल दाखवायला नकार दिला, एवढ्यावरून चोरी झाली असं ठरत नाही.

इथे एक बारकावा आहे. भारतीय न्याय संहितेच्या (गुन्हे आणि शिक्षा ठरवणारा कायदा) कलम ३०३ खाली पाच हजार रुपयांपेक्षा कमी किमतीच्या मालाची पहिलीच चोरी असेल आणि माल किंवा त्याची किंमत परत केली, तर शिक्षा समाजसेवेची आहे, आणि तो गुन्हा अदखलपात्र व जामीनपात्र आहे. त्या हिशोबाने दोनशे रुपयांच्या क्रीमसाठी कलम ४० वापरताच येणार नाही. पण ‘माल ठेवण्यासाठी वापरलेल्या इमारतीतली चोरी’ म्हणून दुकानं कलम ३०५ कडे बोट दाखवू शकतात. त्यात किमतीची अट नाही आणि शिक्षा सात वर्षांपर्यंत आहे. म्हणून ‘पाच हजारांच्या आत आहे, कोणी काही करू शकत नाही’ असं समाजमाध्यमांवर जे फिरतं, त्यावर विसंबू नका. शिवाय चोरी होताना आपला माल वाचवण्यापुरता आवश्यक तेवढा अटकाव करायचा हक्क दुकानालाही आहेच.

झडतीचं मात्र स्पष्ट आहे. खासगी माणसाने कोणाला पकडलं तरी अंगझडती घ्यायचा अधिकार त्याला मिळत नाही. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४९ प्रमाणे ज्या पोलिस अधिकाऱ्याच्या ताब्यात त्या व्यक्तीला दिलं जातं तो झडती घेतो, आणि स्त्रीची झडती स्त्रीनेच, सभ्यता सांभाळून घ्यायची असते. पोलिसांनासुद्धा हे बंधन आहे. तेव्हा मागच्या खोलीत नेऊन खिसे रिकामे करायला लावणं, ओढणी बाजूला करायला सांगणं, याला कायद्यात कुठेही जागा नाही. सुरक्षारक्षकांच्या एजन्सीला २००५ च्या कायद्याखाली परवाना लागतो. गणवेश अंगावर आहे म्हणून रक्षकाला पोलिसांचे अधिकार येत नाहीत.

मग मी बिल दाखवा असं का म्हणतो? कारण या तपासणीमागे काही खरी कारणं आहेत आणि त्यातली बरीचशी तुमच्याविषयी नसतातच. पहिलं म्हणजे एकाच बिलावर दोनदा माल बाहेर काढणं. एक जण तेल-तूप घेऊन बाहेर पडतो, बिल आत दुसऱ्याला देतो, आणि तो तसाच दुसरा डबा घेऊन निघतो. शिक्का किंवा पंचाचं भोक असतं ते यासाठी. दुसरं कारण कॅशिअर. ओळखीच्या माणसाची वस्तू स्कॅनरवरून नुसती फिरवल्यासारखी करायची, किंवा महागड्या सुक्यामेव्यावर स्वस्त डाळीचं लेबल चालवायचं, ही चोरी काउंटरच्या आतून होते आणि ती पकडायची पहिली जागा दार. तिसरं, ट्रॉलीच्या तळाशी राहिलेली पाण्याची पेटी किंवा तांदळाची गोणी, जी कॅशिअरच्या नजरेतूनही सुटते.

हे बघायला दहा-पंधरा सेकंद पुरतात. अनुभवी गार्ड बिलावरची तारीख, वेळ आणि काउंटर नंबर बघतो, खाली छापलेली एकूण नगांची संख्या बघतो, आणि दोन-तीन महाग वस्तू बिलात आहेत का ते ताडतो: तूप, काजू-बदाम, ब्लेडची पाकिटं, सौंदर्यप्रसाधनं. पिशवीत हात घालायची त्याला गरजच पडत नाही. जो सगळं उपसून काढतो त्याला काम नीट शिकवलेलं नसतं.

नगांचा आकडा जुळत नाही तेव्हा बहुतेक वेळा कारण साधं असतं. सहा साबणांचं एकत्र पाकीट एक नग म्हणून स्कॅन होतं. ‘एकावर एक मोफत’ मधली मोफत वस्तू काही दुकानांत शून्य किमतीने बिलात येते, काहींत येतच नाही. कॅशिअर एक बिस्किटपुडा स्कॅन करून संख्या हाताने टाकतो आणि सहाऐवजी पाच टाकतो. अशा वेळी चिडू नका. ऑफरची पाटी किंवा पाकिटावरचा मजकूर दाखवा, नाहीतर त्याच काउंटरवर परत जाऊन दुरुस्त करून घ्या.

यातला तुमचा फायदा मला जास्त मोलाचा वाटतो. गार्डकडे जाण्याआधी, काउंटरपासून दोन पावलं बाजूला होऊन बिल स्वतः वाचा. एकच वस्तू दोनदा स्कॅन झाली आहे का, लावलेली सूट खरंच वजा झाली आहे का, वजनाच्या भाज्या-फळांवर दुसऱ्याच मालाचा कोड पडला आहे का, छापील किमतीपेक्षा जास्त लावलंय का, हे बघा. चूक सापडली तर पंच होण्याआधीच दुरुस्त करून घ्या. एकदा बाहेर पडलं की ‘आमच्याकडून बरोबरच गेलं होतं’ असं ऐकावं लागतं. थर्मल कागदावरची छपाई काही महिन्यांत उडते, म्हणून वॉरंटी असलेल्या वस्तूच्या बिलाचा फोटो लगेच काढा, आणि शिक्का तारखेवर किंवा सीरियल नंबरवर पडणार नाही याकडे लक्ष द्या. बिल मोबाइलवर आलं असेल तर स्क्रीन आपल्या हातात धरून दाखवा. फोन गार्डच्या हातात द्यायचं कारण नाही.

बाहेरून आणलेली वस्तू जवळ असेल, म्हणजे दुसऱ्या दुकानातलं शॅम्पू, औषधं, अर्धी पाण्याची बाटली, तर ती आत शिरतानाच दाखवून स्टिकर लावून घ्या. पर्सच्या चेनला प्लास्टिकची पट्टी बांधतात त्यात मला काही वावगं वाटत नाही. बाहेर पडताना पर्स उघडायचा प्रश्नच उरत नाही.

दारातला बझर वाजला की लोक घाबरतात. वस्तूवरचा चोरीविरोधी टॅग चालू असताना ती दारातल्या फाटकातून गेली की तो वाजतो. हे टॅग प्रामुख्याने दोन प्रकारचे: ८.२ मेगाहर्ट्झवर चालणारे चौकोनी स्टिकर, आणि ५८ किलोहर्ट्झवर चालणाऱ्या जाडसर पट्ट्या. कॅशिअरने स्टिकर तो निकामी करणाऱ्या पॅडवरून नीट फिरवला नाही, कपड्यावरचा कडक टॅग काढायचा राहिला, किंवा दुसऱ्या दुकानातून घेतलेल्या वस्तूत जिवंत टॅग राहिला, तरी बझर वाजतो. टॅग निकामी झालेला नाही, एवढंच त्यावरून कळतं. थांबा, काउंटरवर परत जा, एकेक वस्तू फाटकातून न्यायला सांगा. कोणती वाजते ते लगेच कळतं.

आणि खरोखरच एखादी वस्तू बिलात नसेल तर? चोरी व्हायला अप्रामाणिक हेतू लागतो. ट्रॉलीत राहिलेल्या पाकिटाचे पैसे द्या किंवा ते परत करा, आणि नवं बिल घ्या. कोणत्याही कागदावर सही करू नका. ‘चोरी पकडल्यास दहापट दंड’ अशा पाट्यांना कायद्याचा आधार नाही. दंड न्यायालय ठोठावतं. पोलिसांत देण्याची धमकी देऊन पैसे उकळणं हा दुकानाच्या बाजूने खंडणीचा गुन्हा ठरू शकतो. माफीनामा लिहून घेणं, फोटो काढून भिंतीवर लावणं यातून बदनामीचा खटला उभा राहू शकतो. घाबरलेली मुलं इथेच फसतात. तेव्हा घरातल्या शाळकरी मुलांना एक वाक्य पाठ करून ठेवायला सांगा: ‘आईबाबांना फोन करू द्या, तोवर मी सही करणार नाही.’

मला या तपासणीतली सर्वांत खटकणारी गोष्ट वेगळीच आहे. इस्त्रीच्या कपड्यातल्या माणसाचं बिल न बघता पंच होतं, आणि मागून येणाऱ्या घरकाम करणाऱ्या बाईची, बांधकामावरच्या मजुराची, दप्तर पाठीवर असलेल्या पोराची पिशवी उपसली जाते. संविधानाच्या अनुच्छेद १५(२) ने धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यावरून दुकानात जाण्याच्या बाबतीत कोणावर अट लादायला मनाई केली आहे. तपासायचं तर प्रत्येकाचं, नाहीतर ठरलेल्या अंतराने, उदाहरणार्थ दर पाचव्या गिऱ्हाइकाचं. चेहरा आणि कपडे बघून नाही. असं घडताना दिसलं तर आपलं बिलही मुद्दाम पुढे करा आणि मॅनेजरला बोलावून विचारा की निकष काय आहे. ज्याची पिशवी उपसली जाते त्याला तिथे बोलणं कठीण असतं, बाजूच्याला सोपं असतं.

प्रकरण चिघळलंच तर धक्काबुक्की करू नका. तुमच्या हातून एक ढकलणं झालं की तक्रार उलटते. जागेवर उभं राहून शांतपणे दोन प्रश्न विचारा: कोणत्या वस्तूचा संशय आहे, आणि कोणी पाहिलं? मॅनेजर येईपर्यंत मोबाइलवर चित्रण सुरू ठेवा, गार्डच्या ओळखपत्रावरचं नाव टिपा. मागच्या खोलीत जाऊ नका, जे बोलायचं ते कॅमेऱ्यासमोर. संशय खराच असेल तर पोलिसांना बोलवा असं तुम्हीच म्हणा, किंवा स्वतः ११२ लावा. पोलिस येणार म्हटल्यावर निराधार संशय बहुधा तिथेच विरतो.

नंतरची कारवाई त्याच दिवशी सुरू करा. दुकानाच्या मुख्य कार्यालयाला ईमेल करून तारीख, वेळ, काउंटर नंबर कळवा आणि त्या वेळेचं सीसीटीव्ही चित्रण जपून ठेवायला सांगा, कारण जुन्यावर नवं चित्रण चढत जातं आणि काही आठवड्यांत पुरावा जातो. बेकायदा अडवणं हा न्याय संहितेच्या कलम १२६ खाली गुन्हा आहे: एक महिन्यापर्यंत साधी कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. खोलीत डांबलं असेल तर कलम १२७, एक वर्षापर्यंत. दोन्ही दखलपात्र आहेत, तेव्हा ठाण्यात ‘एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) लिहून देतो’ म्हणाले तर हे कलमांसकट सांगा. तरीही गुन्हा नोंदवला नाही तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) प्रमाणे पोलिस अधीक्षकांकडे, शहरात असाल तर आयुक्तालयात उपायुक्तांकडे, लेखी अर्ज पाठवा. स्त्रीच्या अंगाला हात लावला असेल तर न्याय संहितेचं कलम ७४ बघा, ते बरंच कडक आहे.

पैशाची भरपाई हवी असेल तर ग्राहक आयोग. आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा. पुष्कळ प्रकरणं तिथेच मिटतात. नाही मिटलं तर जिल्हा आयोगात जा: घटनेपासून दोन वर्षांची मुदत, खरेदीची रक्कम पाच लाखांच्या आत असेल तर फी नाही, आणि २०१९ च्या कायद्यामुळे तुम्ही राहता त्या जिल्ह्यातही दाखल करता येतं. बिल, पैसे भरल्याचा यूपीआय पुरावा, चित्रण आणि तो ईमेल, एवढं जोडा.

अमेरिकेत राहणाऱ्यांसाठी थोडं: कॉस्टकोसारख्या सभासदत्वाच्या दुकानात बाहेर पडताना पावती दाखवणं सभासदत्वाच्या अटींतच असतं, नकार दिला तर सभासदत्व जाऊ शकतं. वॉलमार्टसारख्या दुकानात तशी अट नसते, पण तिथल्या बहुतेक राज्यांत वाजवी संशय असल्यास दुकानदाराला थोडा वेळ थांबवून चौकशी करता येते. त्यामुळे भारतातला अंदाज तिथे जसाच्या तसा लावू नका.

गार्डशी मात्र भांडू नका. बारा तास उभं राहून मिळणाऱ्या तुटपुंज्या पगारात तो दुकानाने सांगितलेलं काम करतो, आणि बिल न तपासता कोणाला सोडलं तर नोकरी त्याची जाते. तपासायची पद्धत मॅनेजर आणि मालक ठरवतात. तक्रार लेखी करा आणि त्यांच्याकडे करा.