भेंडी आणि बटाट्याचा एकच वाफा

प्रश्न : आमचं कर्वेनगरात बैठं घर आहे. मागे दहा बाय बाराची मोकळी जागा. जूनच्या पहिल्या पावसावर एकाच वाफ्यात एका अंगाला भेंडी टोकली, दुसऱ्या अंगाला घरातलेच कोंब आलेले बटाटे लावले. दोनदा मूठमूठ युरिया दिला. भेंडीच्या पानांच्या शिरा पिवळ्याधमक झाल्या, भेंड्याही पिवळट येताहेत. बटाट्याची झाडं दोन फूट वाढली आणि आठवड्याभरात काळी पडून बसली. उपटून पाहिलं तर गोट्यांएवढे चार बटाटे. बी चुकलं की माती? सातगाव पठारावर तर पावसाळ्यातच बटाटा होतो ना?
– एक वाचक भगिनी, कर्वेनगर

उत्तर : ताई, चुकला तो हंगाम. भेंडीला ऊन हवं, उबदार रात्री हव्यात. बटाट्याला थंडी हवी. जमिनीखाली बटाटा धरायचा तर रात्र वीस अंशांच्या खाली उतरावी लागते, आणि पुण्यात पावसाळ्यातल्या रात्री बावीसच्या आसपास रेंगाळतात. अशा हवेत झाड पानंच काढत बसतं. त्यात तुम्ही युरिया दिलात, म्हणजे पानांना आणखी जोर आला. वर हिरवंगार, खाली गोट्या.

सातगाव पठाराचं म्हणाल, तर माझं माहेर मंचरजवळचं आहे. पठारावरची पावसाळी लागण मी लहानपणापासून पाहिली आहे. ते पठार उंचावर, वारा सतत वाहता, रान उताराचं. पाणी पडलं की निघून जातं. तिथेही झड लागून राहिली की करपा येतोच, आणि शेतकरी रात्र रात्र काळजीत असतो. तुमच्याकडे तीन बाजूंनी भिंती, वारा कोंडलेला, आणि नदीकडच्या भागात असते तशी काळी चिकण माती असेल तर पाणी दोन-दोन दिवस धरून ठेवणार. तुमची पानं काळी पडली तो करपाच असावा. ती झाडं कंपोस्टात टाकू नका, घराबाहेर काढा.

आता बेणं. मंडईतला बटाटा खाण्यासाठी असतो. तो शीतगृहातून आलेला, आग्र्याचा की इंदूरचा तेही आपल्याला ठाऊक नसतं, आणि त्यातून कुठला रोग घरी येईल सांगता येत नाही. एक वर्ष मीही ओळखीच्या दुकानातून ‘बेण्याचाच आहे’ या शब्दावर दोन किलो घेतले. कापून त्याच संध्याकाळी ओल्या मातीत पुरले. पंधरा दिवसांनी उकरलं तर निम्म्याहून जास्त फोडी चिखलासारख्या झालेल्या, वास सुटलेला. फार वाईट वाटलं. माझे वडील फोडी कापून दोन दिवस सावलीत गोणपाटावर पसरून ठेवायचे, कापलेल्या अंगावर कोरडी साय धरली की मगच लागण. ते मी डोळ्यांनी पाहिलेलं होतं आणि घाईत सोडलं. तुम्ही सोडू नका. फोड साधारण ३० ते ४० ग्रॅमची, तिला दोन-तीन डोळे हवेतच. अंड्याएवढा लहान बटाटा मिळाला तर कापूच नका. प्रमाणित बेण्यात कुफरी ज्योती किंवा कुफरी पुखराज मागा.

लागण दिवाळी झाल्यावर, नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात. दोन ओळींत दोन फूट, दोन फोडींत वीतभर, खोली चार बोटं. मातीत कुजलेलं शेणखत आणि वाळका पाला भरपूर मिसळा; चिकण मातीला त्याशिवाय गती नाही. महिन्याभरात झाड वीतभर वाढलं की दोन्ही बाजूंनी माती ओढून बुंध्याला भर द्या, पंधरा दिवसांनी पुन्हा एकदा. हे काम पुष्कळ जण टाळतात आणि इथेच पीक जातं. बटाटा हे मूळ नाही, जमिनीखालच्या खोडाचं फुगलेलं टोक आहे. ते फुटतं लावलेल्या फोडीच्या वरच्या अंगाला. वर माती नसेल तर बटाटा उघडा पडतो, उन्हानं हिरवा होतो. त्या हिरव्या भागात सोलॅनिन नावाचं विष वाढतं, चवीला कडू लागतं. मुलांच्या पानात तो मुळीच जाऊ देऊ नका. शिवाय मातीला भेगा असल्या की पाकोळी, म्हणजे बटाट्याचा छोटा पतंग, आत शिरून अंडी घालते आणि घरात आणलेले बटाटे पोखरले जातात.

पानं पिवळी पडून झाड आडवं झालं की पाणी तोडा, आठ-दहा दिवस थांबा. मग एक बटाटा काढून अंगठ्यानं चोळून पाहा. साल सरकली तर अजून चार दिवस राहू द्या. किलोभर बेण्यामागे मला मागच्या माघात सहा किलो निघाले. माझ्या सहकारनगरच्या एवढ्याशा परसाला ते पुष्कळ आहेत.

भेंडीच्या पिवळ्या शिरा म्हणजे हळद्या, काही जण केवडाही म्हणतात. हा विषाणू आहे, फवारून बरा होत नाही. तो आणते पांढरी माशी. सकाळी झाडाला हलकी टिचकी मारा, पानाखालून पिठाची चिमूट उडाल्यासारखं दिसलं की ती आली समजा. पिवळं पडलेलं झाड दिसल्या दिवशीच उपटायचं, जीव तुटला तरी. उरलेल्यांमध्ये पिवळ्या पुठ्ठ्याला एरंडेल लावून टांगा. पन्नास ग्रॅम निंबोळीची भरड लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवून गाळा, चमचाभर साबणाचं पाणी घाला आणि संध्याकाळी पानांच्या खालून फवारा. पुढच्या वेळी बी परभणी क्रांतीचं किंवा अर्का अनामिकाचं घ्या. हळद्याला दोन्ही बऱ्यापैकी टिकतात. रोपं करून लावू नका. भेंडीचं सोटमूळ दुखावलेलं तिला खपत नाही. बी रात्रभर भिजवून जागेवरच टोका.

आणि तुमच्या वाफ्याबद्दल सर्वांत महत्त्वाचं. रोगट भेंडी उपटाल तेव्हा मुळं धुऊन नीट पाहा. मण्यांसारख्या गाठी दिसल्या तर मातीत सूत्रकृमी, म्हणजे मुळांत शिरणारी दोऱ्यासारखी अतिबारीक कीड, आहे. ती बटाट्यालाही धरते, साल खडबडीत फोडांनी भरून जाते. म्हणून मी भेंडीमागून लगेच बटाटा कधी घेत नाही. माझ्या वाफ्यात माघात भेंडी टोकली जाते, वैशाखापर्यंत चालते. जूनमध्ये सगळा वाफा झेंडूला. झेंडूच्या मुळांनी सूत्रकृमी कमी होते आणि दसऱ्याचं तोरण घरच्या फुलांचं होतं. झेंडू निघाला की जमीन आठ दिवस उन्हात तापवायची आणि दिवाळीनंतर बटाटा. वांगी, टोमॅटो, मिरची ही बटाट्याची भावंडं, तीही या वाफ्यात त्याच्या आधी नकोत. यंदा तुमचा जून गेला, पण झेंडूची तयार रोपं रोपवाटिकेत आत्ताही मिळतील. आज लावलीत तर दिवाळीचं तोरण नक्की.

प्रश्न : भेंडी दिसायला छान, पण शिजत नाही, धागे निघतात. खत कमी पडतं का?
– एक वाचक, धनकवडी

उत्तर : खत पुरेसं आहे, तोडणी उशिरा होतेय. भेंडीचं फूल पाहिलंत का नीट? फिकट पिवळं, तळाशी गर्द लाल, जास्वंदीच्या घराण्यातलं. सकाळी उमलतं आणि एकाच दिवसाचं असतं. ते फूल उमलल्यापासून पाचव्या-सहाव्या दिवशी भेंडी तोडायची. त्यानंतर ती निबर होते. टोक वाकवून बघा, कट्कन मोडलं तर कोवळी, नुसतं वाकलं तर जून. एक दिवसाआड तोडणी हवी. जून भेंडी झाडावर राहिली की झाड बी धरण्याच्या मागे लागतं आणि नवी फुलं कमी देतं, म्हणून खायची नसली तरी ती काढून टाका. तोडताना पूर्ण बाह्यांचा सदरा घाला, तिच्या लवेनं हात खाजतात.

प्रश्न : बावधनला सहाव्या मजल्यावर पूर्वेची बाल्कनी आहे, सकाळी तीन तास ऊन. भेंडी होईल का?
– एक वाचक, बावधन

उत्तर : नाही होणार. भेंडीला किमान सहा तास ऊन लागतं. तीन तासांत झाड उंच, बारीक होतं आणि चार भेंड्यांवर थांबतं. गच्ची वापरायला मिळत असेल तर चौदा इंची खोल कुंडीत एकेक झाड लावा. बाल्कनीत पुदिना, अळू आणि ओवा लावा, पूर्वेचं ऊन त्यांना पुरतं.