'त्रुबादूर'ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न असा आला आहे : दक्षिण फ्रान्समध्ये मध्ययुगीन त्रुबादूर-संगीताचा (त्रुबादूर म्हणजे स्वतः गाणी रचून चाल लावणारे दरबारी कवी) शनिवार-रविवारचा महोत्सव ऐकायला निघालेल्या मराठी मंडळींसाठी छोटी माहितीपत्रिका करायची आहे. 'त्रुबादूर'ला भाट म्हणावं, शाहीर म्हणावं, की सरळ 'भटके गायक'? मूळ शब्द ठेवला तर तो लिहायचा आणि चालवायचा कसा? आणि गीतप्रकारांच्या नावांचं काय करायचं?

थोडक्यात उत्तर : माणसाचं नाव मूळचंच ठेवा. गाण्याच्या घडणीबद्दल बोलताना मात्र मराठीत नेमके शब्द आहेत, ते मोकळेपणाने वापरा.

'भटके गायक' आधी बाद करा. हा गैरसमज सगळीकडे पसरला आहे आणि पत्रिकेत तो छापला गेला तर पुढचं सगळं चुकत जातं. ज्याची गाणी आज हाती आहेत असा पहिला त्रुबादूर म्हणजे आक्वितेनचा ड्यूक नववा गिल्येम (१०७१–११२६). त्याच्या ताब्यातला मुलूख खुद्द फ्रान्सच्या राजापेक्षा मोठा होता. जाऊफ्रे रुदेल हा ब्लायचा सरदार, राइंबाउत हा ऑरेंजचा. आश्रय शोधत दरबारोदरबारी फिरणारे त्रुबादूरही होते, पण फिरणं ही त्यांची व्याख्या नव्हे. व्याख्या आहे रचणं : त्यांच्या, म्हणजे दक्षिण फ्रान्सच्या, ऑक्सितान भाषेतलं 'त्रोबार' हे क्रियापद सापडणं, सुचणं आणि रचणं या तिन्ही अर्थांचं आहे. दुसऱ्याची गाणी गात, वाद्यं वाजवत, कसरती करत गावोगाव जाणारा तो 'जोग्लार'. बेर्त्रान दे बोर्नसारखा सरदार-कवी गाण्याच्या शेवटी आपल्या पापिओल नावाच्या जोग्लाराला हाक मारतो आणि हे गाणं अमक्याकडे घेऊन जा म्हणून सांगतो. पत्रिकेत दोन शब्द वेगळे ठेवलेत तर वाचकाला हे नातं लगेच कळेल.

'भाट' तर नकोच. भाटाचं काम वंशपरंपरेचं, वंशावळ आणि स्तुती सांगण्याचं, आणि मराठीत 'भाटगिरी' म्हणजे निव्वळ खुशामत. त्रुबादुरांच्या 'सिर्व्हेंतेस' या गीतप्रकारात सरदारांची, धर्मगुरूंची आणि एकमेकांची अशी सालटी काढली आहेत की त्यांना भाट म्हणणं अन्यायाचं होईल. 'चारण'मध्ये जातीचा संदर्भ आहे, 'बाऊल'मध्ये अध्यात्म आणि भिक्षा. दोन्ही इथे गैरलागू.

'शाहीर' सर्वांत जवळचा, म्हणूनच सर्वांत फसवा. शाहीर स्वतः रचतो, चाल बांधतो, नावानिशी ओळखला जातो. होनाजी बाळा, राम जोशी, प्रभाकर ही नावं आपण घेतो तशीच बेर्नार्त दे व्हेंतादोर्न, आर्नाउत दानिएल ही नावं तिकडे घेतली जातात. पण शाहीर म्हटलं की मराठी कानाला डफ, तुणतुणं आणि मागचे झीलकरी ऐकू येतात, समोर फड दिसतो. त्रुबादुराचं गाणं एकट्या गळ्याचं, दरबारातल्या निवडक श्रोत्यांसाठीचं. 'त्रुबादूर, म्हणजे शाहिरासारखा स्वतः रचून चाल लावणारा दरबारी कवी' असं एकदा सांगा आणि पुढे मूळ शब्दच चालवा. याच कारणाने या गाण्यांना 'लोकगीतं' म्हणू नये. प्रत्येक गाण्याला कर्ता आहे, आणि यमकांची बांधणी इतकी कडक आहे की पुष्कळदा सगळ्या कडव्यांत तीच यमकं त्याच क्रमाने येतात.

आता लेखन. 'ट्रूबाडोर' हे इंग्रजी वळण झालं. फ्रेंच आणि ऑक्सितान या दोन्ही भाषांत हे त, द दंत्य आहेत आणि आपल्याकडे ती अक्षरं आहेतच, तेव्हा 'त्रुबादूर' लिहावं. सामान्यरूप 'मजूर'प्रमाणे : मजूर–मजुराने–मजुरांची, तसं त्रुबादूर–त्रुबादुराने–त्रुबादुरांची. 'त्रुबादूरांची' असा दीर्घ दू हमखास पडतो, मुद्रितशोधनात तो पकडावा. अनेकवचन 'त्रुबादूर'च, 'त्रुबादूर्स' करू नये. एक गंमत सांगण्यासारखी आहे : जुन्या ऑक्सितानमध्येही नामाला सामान्यरूप होतं. कर्ता असेल तर 'त्रोबाइरे', कर्म असेल किंवा पुढेमागे शब्दयोगी असेल तर 'त्रोबादोर'. आज जगभर रुळलेला शब्द त्या दुसऱ्या रूपातून आला आहे.

स्त्रीसाठी 'त्रुबादुरीण' बनवायचा मोह होईल. तो टाळावा, कारण 'मास्तरीण', 'पाटलीण' यांत 'बायको' हा अर्थ आधी डोकावतो, आणि इथे तर स्वतः रचणाऱ्या बायका आहेत. त्यांच्यासाठी 'त्रोबाइरित्स' हा शब्द तेराव्या शतकातल्या 'फ्लामेंका' या काव्यकथेत आलेला आहे, तो वापरावा, एकवचन-अनेकवचन सारखंच. सुमारे २० जणींची नावं माहीत आहेत. पण स्वरांसह उरलेलं गाणं एकच, दियाच्या काउंटेसचं 'आ चांतार'. महोत्सवात ते बहुधा ऐकायला मिळतंच, त्यामुळे पत्रिकेत त्याला दोन ओळी जास्त द्या.

विशेषनामांत एक खाच आहे. रोमन लिपीत एन-एच आणि एल-एच या जोड्या दिसल्या की आपण 'न्ह', 'ल्ह' लिहून मोकळे होतो. ऑक्सितानमध्ये त्यांचा उच्चार 'न्य' आणि 'ल्य' आहे. म्हणून 'गिल्येम', 'गिल्हेम' नव्हे. शोकगीताचा प्रकार 'प्लान्य', 'प्लान्ह' नव्हे. गोव्याच्या वाचकांना हे सांगावं लागणार नाही. नोरोन्या, कार्व्हाल्यो ही आडनावं रोमनमध्ये याच जोड्यांनी लिहितात, कारण पोर्तुगिजांनी त्या तेराव्या शतकात ऑक्सितान लेखनपद्धतीतूनच उचलल्या.

गीतप्रकारांत कुठे मराठी प्रतिशब्द चपखल बसतो आणि कुठे दगा देतो, ते पाहण्यासारखं आहे. 'प्लान्य' म्हणजे विलापिका, इथे काहीच अडचण नाही. ११९९ मध्ये इंग्लंडचा राजा रिचर्ड मारला गेला तेव्हा गाउसेल्म फाइदितने रचलेली विलापिका चालीसकट उपलब्ध आहे. 'तेन्सो' म्हणजे दोन कवींनी आळीपाळीने कडवी म्हणत घातलेला वाद. त्याला 'सवाल-जवाब' शोभतं. त्याच्या 'पार्तिमेन' या पोटप्रकारात मात्र पहिला कवी दोन पर्याय ठेवतो, दुसरा त्यांतला हवा तो घेतो आणि उरलेल्याची बाजू पहिल्याला लढवावी लागते. कलगी-तुऱ्यात पक्ष आधीच ठरलेले असतात, म्हणून ही तुलना पार्तिमेनला लावू नये.

दगा देणारा शब्द 'भूपाळी'. 'आल्बा' म्हणजे पहाट, गाणंही पहाटेचं, म्हणून भूपाळी लिहावंसं वाटतं. पण भूपाळी देवाला जागवते. आल्बामध्ये चोरून भेटलेल्या प्रेमिकांना, उजाडलं, आता निघा, असा इशारा असतो. घोटाळा वाढवायला गिराउत दे बोर्नेल्यचं 'रेइस ग्लोरिओस' हे प्रसिद्ध आल्बा देवाच्या प्रार्थनेनेच सुरू होतं. मात्र ती प्रार्थना रात्रभर बाहेर पहारा करणाऱ्या मित्राची आहे, आत असलेल्या सोबत्यासाठी. 'पहाटेचं निरोपगीत' म्हणा.

'कान्सो' या प्रेमगीतात साधारण पाच ते सात 'कोब्ला' असतात. कोब्ला म्हणजे आपलं कडवं, निःशंकपणे. सगळी कडवी एकाच चालीवर, आणि कान्सोला सहसा ध्रुपद नसतं, हे श्रोत्यांना आधी सांगून ठेवा, नाहीतर ते ओळ परत येण्याची वाट पाहत बसतील. शेवटी येतं 'तोर्नादा' हे आखूड कडवं. त्यात नाव येतं म्हणून त्याला 'नाममुद्रा' म्हणू नका. 'तुका म्हणे'मध्ये कवी स्वतःचं नाव घालतो. तोर्नादात सहसा आश्रयदात्याचं नाव येतं, नाहीतर प्रियेचं, आणि तेही 'सेन्याल' म्हणजे टोपणनावाने झाकून. 'पाठवणीचं कडवं' हे वर्णन बरं.

चालीबाबत मराठी श्रीमंत आहे. सिर्व्हेंतेस बहुधा दुसऱ्याच्या गाजलेल्या कान्सोच्या चालीवर आणि त्याच्याच यमकांवर रचत. जुन्या संगीत नाटकांच्या पुस्तकांत पदाच्या डोक्यावर 'चाल : अमुक' छापत, तोच हा व्यवहार. राइंबाउत दे व्हाकेइरासचं 'कालेंदा माया' हे गाणंही, त्याच्या जुन्या टिपणात सांगितलं आहे त्याप्रमाणे, दोन जोग्लारांनी वाजवलेल्या नाचाच्या चालीवर शब्द बसवून झालं. पत्रिकेत 'च्या चालीवर' एवढंच लिहा. मात्र 'ताल' लिहू नका. सुमारे २,५०० गाण्यांपैकी जेमतेम अडीचशेंच्या चाली उरल्या आहेत आणि त्या हस्तलिखितांत स्वरांची उंची कळते, लांबी कळत नाही. त्यामुळे एकच गाणं शनिवारी नाचाच्या ठेक्यात आणि रविवारी मुक्त लयीत ऐकू येईल; दोन्ही गायकांच्या बाजूने बोलता येतं.

त्रुबादुरांच्या गाण्यांतल्या प्रेमाला ते 'फिनामोर' म्हणतात. त्याचं भाषांतर बहुतेक जण 'दरबारी प्रेम' करतात. ते एकोणिसाव्या शतकातल्या फ्रेंच अभ्यासकांनी रूढ केलेल्या संज्ञेवरून आलं आहे, आणि मराठीत 'दरबारी' म्हटलं की आधी कानडा आठवतो. 'फिन' हे मूळ विशेषण अस्सल, गाळीव सोन्यालाही लावतात. आपल्याकडे त्यासाठी जन्मजात शब्द आहे : बावनकशी प्रेम.

राहिली वाद्यं. फ्रेंच कार्यक्रमपत्रिकेत 'व्हिएल' दिसलं तर थांबून पाहा. एक व्हिएल गजाने वाजवायचं, छातीशी किंवा मांडीवर धरून. दुसऱ्यात मूठ फिरवून चाक तारांवर घासतात. फ्रेंचमध्ये दोन्हींच्या लेखनात एका अक्षराचा आणि एका चिन्हाचा फरक असतो, देवनागरीत तोही उरत नाही. म्हणून 'गजाचं व्हिएल' आणि 'चाकाचं व्हिएल' असं लिहावं. गजाच्या व्हिएलला 'सारंगी' म्हणू नये : सारंगीत नखाची कड तारेला बाजूने टेकते, व्हिएलमध्ये तार बोटाने पट्टीवर दाबतात, आणि आवाजात तो फरक स्पष्ट ऐकू येतो.