डबा वाजवून बघणारी आजी

प्रश्न : माझी आजी आमरसाचा किंवा मटारचा डबा उघडण्याआधी चमच्याने वाजवून बघते. तरुणपणी काही उन्हाळे ती रत्नागिरीजवळ कॅनिंगच्या कारखान्यात जायची. या वाजवण्याला काही अर्थ आहे की नुसती सवय? – एक वाचक, पुणे

उत्तर : अर्थ आहे, आणि सवय कुठली तेही ओळखलं. १९७०च्या दशकात मीही तिकडेच सात मोसम काढले. पहिले तीन मोसम सालं सोलण्यात (आंब्याच्या चिकाने बोटं सोलायची, नखं गणपतीपर्यंत काळी राहायची, रात्री खोबरेल चोळून झोपायचं), पुढचे चार मोसम डबे वाजवण्यात. हो, त्याचीही हजेरी लागायची! गोदामात रचलेल्या डब्यांवर लहानशी काठी टेकवत जायचं. चांगला डबा खणकन बोलतो, वाईट बोदा वाजतो.

रस गरम असतानाच भरून झाकण बसवत, मग डबे उकळत्या पाण्यात आणि तिथून थेट गार पाण्याच्या हौदात. आतल्या वाफेचं पाणी झालं की पोकळी होते, झाकण आत ओढलं जातं, ढोलकीच्या पानासारखं ताणतं. शिवणीतून, म्हणजे डब्याच्या पत्र्याच्या जोडातून, जरा हवा शिरली किंवा आत आंबून वायू धरला की ताण गेला. म्हणून डबे लगेच बाजारात जात नसत. काही दिवस ठेवून वाजवायचे, मगच कागद चिकटवायचा. फुगलेल्याला तर काठीही लावायची नाही. एकदा एक रात्री फुटला, सकाळी गोदामात पाऊल टाकवेना.

मटारचं मात्र आजीला समजावून सांगा. आंबा आंबट, त्याला उकळतं पाणी पुरतं. मटार आंबट नाही. त्याला दाबाखालच्या वाफेत साधारण १२१ अंशांचा ताव द्यावा लागतो. तो कमी पडला तर बोट्युलिझमचं (जिवाणूंमुळे होणाऱ्या जीवघेण्या विषबाधेचं) विष तयार होऊ शकतं, आणि ते वास-चवीने कळेलच असं नाही. आवाजावरूनही पक्की खात्री देता येत नाही. फुगलेला, गळका, शिवणीवर चेपलेला डबा सरळ टाकावा, बोटाने चाखूनसुद्धा बघू नये.

आणि आजीला माझ्या वतीने एक विचारा. मृगाचा पाऊस पत्र्यावर कोसळायला लागला की काठीचा आवाज ऐकू येईना. आम्ही मग डब्याला कान लावून टिचकी मारायचो. त्या काय करायच्या?