नाव ओठांवर येतं आणि अडतं, तेव्हा

काल तू म्हणालीस, ‘शेजारच्या काकूंचं नाव ओठांवर होतं, पण फुटेना.’ अगं, हा धांदरटपणा नाही, आळस तर मुळीच नाही. तुझ्यासारखाच मलाही अपस्मार, म्हणजे फिट येण्याचा आजार, होऊन 14 वर्षं झाली. ‘झारा’ हा साधा शब्द न सुचल्याने मी सासूबाईंसमोर नुसता हात हलवत उभी राहिले आहे, डोळ्यांत पाणी आणून.

नवी आठवण पक्की करण्याचं काम मेंदूच्या टेम्पोरल लोबमधला, म्हणजे कानाजवळच्या भागातला, हिप्पोकॅम्पस नावाचा छोटा भाग करतो. फिट तिथूनच उठत असेल तर लक्षात राहणं अवघड जातं. डावी बाजू असेल तर बहुधा शब्द नि नावं अडतात. फिटनंतरचे काही तास, कधी दिवसही, धूसर जातात. त्यात झोप अपुरी असली की आणखी भर.

गोळ्यांचाही वाटा असतो. टोपिरामेट या फिटवरच्या औषधाने काहींना शब्द सापडेनासे होतात. पण म्हणून गोळी स्वतःहून बंद करू नकोस, हात जोडून सांगते! अचानक थांबवली तर फिट आवरेनाशी होऊन जिवावर बेतू शकते. डॉक्टरांना नुसतं ‘विसरते’ म्हणू नकोस. काय विसरलीस, कधी, गोळी बदलल्यावर किती दिवसांनी, ते लिहून ने. स्मरणशक्तीची चाचणीही करता येते, आपणहून विचार.

आणि गोळी घेतली का, हे आठवणीवर सोडू नकोस. सात खणांची डबी आण. माझी चहाच्या डब्याशेजारी असते. आजचा खण रिकामा, म्हणजे घेतली.